रेडी नंदू की निंदू

दि. १९/१०/२००१, शुक्रवार, दुपारी ३.१०

मी, पारूबाई जयसिंग मधाळे, वय ३४ वर्षे, शिक्षण चौथी, धंदा शेतमजुरी, रा. मौजे हुणसेवाडी, ता. गडहिंग्लज, जि. कोल्हापूर. आज पोलीस दूरक्षेत्रात स्वतः येऊन, हवालदारांनी विचारले त्याप्रमाणे सांगते की,

वादातील रेडी काल सायंकाळी पाचपासून ग्रामपंचायतीच्या कोंडवाड्यात आहे. ती उभी आहे, पण वैरणीला तोंड लावत नाही, असे पोलीस पाटील बाळासो खोराटे यांनी आज सकाळी आठ वाजता माझ्या दारात येऊन सांगितले. रेडी रंगाने काळी, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका, उजवे शिंग किंचित आत वळलेले, वय दोन वर्षे आठ महिने, तीन महिन्यांची गाभण. ती हीच, याबद्दल कोणाचे दुमत नाही. ती कोणाची, याबद्दल आहे.

माझे घर आमच्या वस्तीतले शेवटचे. त्याला लागून चन्नाप्पा बसाप्पा हत्तरगी यांचा गोठा. मधली भिंत एकच. अलीकडे माझी चूल, पलीकडे त्यांची गव्हाण. त्यांचे घर पूर्वी गावात होते. भावांत वाटणी झाल्यावर, सन १९९४ मध्ये, ते गोठ्याशेजारी दोन खोल्या बांधून राहायला आले. घरात चन्नाप्पा व त्यांची आई शांतव्वा, वय अंदाजे ७५. शांतव्वांचे माहेर संकेश्वरच्या पलीकडचे. त्या कन्नड बोलतात. मराठी समजते, पण बोलायची वेळ आली की अर्ध्या वाक्यात कन्नडवर जातात. तोंडात दात नाहीत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. मला त्या पारव्वा म्हणतात. मी त्यांना आज्जी म्हणते. त्यांच्या गोठ्यात जायला मला कधी कोणी अडवले नाही. घरात जायचा प्रसंग आला नाही.

म्हशीने अंग घासले की माझ्या फळीवरचे डबे हलतात. पावसाळ्यात मूत भिंतीतून पाझरते, म्हणून पिठाचा डबा मी आढ्याला टांगते. माश्यांवरून दरवर्षी बोलाचाली होते. गेल्या श्रावणात माझे पती जयसिंग चन्नाप्पांना म्हणाले, "अण्णा, तुमच्या म्हशी आमच्यातच ऱ्हायला आल्यात. रेशन कार्डावर नावं घालू काय?" त्यावर चन्नाप्पा म्हणाले, "घाल की. मग पेंड बी तूच घाल." दोघे हसले. दोन्ही घरांत वैर नव्हते, हे मी मुद्दाम सांगते.

सन १९९९ च्या फेब्रुवारीत त्यांची एक म्हैस व्याली व तिसऱ्या दिवशी मेली. चन्नाप्पा तेव्हा पाहुण्यांकडे लग्नाला गेले होते. जयसिंग आजऱ्याला काजूच्या कारखान्याच्या बांधकामावर गवंडी होते. मी घरी एकटीच होते. त्याच्या बारा दिवस आधी मी तालुक्याच्या दवाखान्यातून बाळंत होऊन रिकाम्या हातांनी घरी आले होते. हवालदारांनी याबद्दल अधिक विचारले. त्याचा रेडीशी संबंध नाही, असे मी सांगितले.

म्हैस मेली त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास शांतव्वा माझ्या दारात आल्या. पोत्यात गुंडाळलेले काहीतरी त्यांनी दोन्ही हातांनी ओढत आणले होते. त्या "करू, करू" म्हणाल्या. मला वाटले, काही काम करायचे आहे. मी म्हणाले, "करा की आज्जी, काय करायचं ते करा." त्यांनी पोते माझ्या मांडीवर ठेवले. आत रेडकू होते. कन्नडमध्ये करू म्हणजे वासरू, हे मला नंतर समजले. तेव्हा मी होकार दिला तो कशाला दिला, असे हवालदारांनी विचारले. मला सांगता येत नाही.

पोते ठेवल्यावर शांतव्वांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला व दोन शब्द बोलल्या. सगळा वाद त्या दोन शब्दांचा आहे. पहिला शब्द "करू" होता. दुसरा "नंदू" होता की "निंदू", यावर बाकीचे अवलंबून आहे. कन्नडमध्ये नंदू म्हणजे माझे आणि निंदू म्हणजे तुझे. हवालदार कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतले असून त्यांना कन्नड येत नाही. काल त्यांनी सुरुवातीला विचारले, "हा नंदू कोण? त्याला आधी हजर करा." नंदू नावाचा कोणी इसम या प्रकरणात नाही, हे त्यांना पोलीस पाटलांनी समजावून सांगितले.

मला कन्नड रानात तण काढताना, भांगलणीपुरते येते. ये, बस, पाणी आण, ऊन झाले, एवढे. शांतव्वा जे बोलल्या त्याचा अर्थ मी "वासरू तुझे" असा घेतला. तसे कानाने ऐकले म्हणून घेतला, की मांडीवर ठेवले म्हणून घेतला, हे आता वेगळे काढता येत नाही.

पहिले दोन दिवस रेडकाला काय पाजले, असे विचारण्यात आले. घरात शेळी नव्हती. होते ते पाजले. तिसऱ्या दिवसापासून शांतव्वा दुसऱ्या म्हशीचे दूध तांब्यातून भिंतीवरून देऊ लागल्या. ते सव्वा महिना चालले. चन्नाप्पा लग्नाहून परतल्यावर त्यांनी रेडकू माझ्या अंगणात पाहिले. ते म्हणाले, "जगलं व्हय? मला वाटलं गेलं आसंल." त्याव्यतिरिक्त काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही.

जयसिंग पंधरा दिवसांनी आजऱ्याहून आले. त्यांनी विचारले, "हे कुणाचं?" मी सांगितले, "आपलं." ते म्हणाले, "आपलं कसं?" मी म्हणाले, "आज्जीनं दिलंय." दुसऱ्या दिवशी त्यांनी अंगणात खुंटा ठोकला.

तेव्हापासून परवापर्यंत रेडी माझ्या अंगणात होती. तिचे शेण-घाण मी काढले. वैरण माझ्या भाऱ्यातली. पावसाळ्यात तिला घरात घेत होतो. ती रात्री भिंतीला तोंड लावून बसते आणि पलीकडून म्हशी हुंकार देतात. त्यावरून ती त्यांची ठरत नाही, असे जयसिंग यांचे म्हणणे आहे.

चन्नाप्पांचे म्हणणे असे की, आईने रेडी अर्धलीने दिली. आमच्या भागात अर्धलीने म्हणजे एकाचे जनावर दुसऱ्याने सांभाळायचे व पहिले वेत मालकाचे, पुढचे सांभाळणाऱ्याचे, अशी रीत आहे. अर्धली ठरवताना चार माणसे बसतात व सुपारी फोडतात. या वेळी कोणी बसले नव्हते, सुपारी फोडली नव्हती. मात्र जनावर बक्षीस देतानाही कपाळाला हळदकुंकू लावून देतात. तेही लावले नव्हते. दोन्हींतली एकही रीत झाली नाही, हे मला मान्य आहे.

दि. १७/१०/२००१ रोजी, बुधवारी, मी भुईमुगाच्या रानात होते. साडेचारला घरी आले तर खुंटा मोकळा होता. दावेही नव्हते. मी आधी ओढ्याकडे पाहून आले. परत येऊन चूल पेटवायला बसले तेव्हा भिंतीपलीकडून तिचे ओरडणे ऐकू आले. ती माझ्या आवाजाला ओरडते. मी शेजारणीशी बोलत होते, म्हणून ओरडली. ती चन्नाप्पांच्या गोठ्यात आहे, हे मला असे समजले.

जयसिंग साडेसहाला कामावरून आले. मी त्यांना सांगितले. त्यांनी चहाही घेतला नाही. ते गोठ्यात गेले, दावे सोडले व रेडी बाहेर काढली. मी त्यांच्या मागे होते. चन्नाप्पा ओट्यावरून उठून आले. त्यांच्यात झालेले बोलणे मला आठवते तसे सांगते.

चन्नाप्पा म्हणाले, "ए जयसिंग, दुसऱ्याच्या गोठ्यात शिरतोस व्हय रं?"

जयसिंग म्हणाले, "आन् तुम्ही कुणाच्या अंगणात शिरलता? बाई रानात गेल्याली बघून?"

"माझं जनावर मी आणलंय. अर्धलीनं दिलतं अव्वानं. आता गाभण हाय, पयलं वेत माझं."

"अर्धलीनं? मग कुठली अर्धी तुमची? शिंगाकडची का शेपटीकडची? शेपटीकडची घ्या, आडीच वर्सं आमीच काढलंय तिकडचं."

यावर जमलेली माणसे हसली. हसल्यामुळे चन्नाप्पांना राग आला, असे मला वाटते. त्यांनी दावे धरले. जयसिंग यांनी सोडले नाही. रेडी मध्ये उभी होती. मारामारी झाली नाही. कोणी हत्यार काढले नाही.

तेवढ्यात शांतव्वा भिंत धरत बाहेर आल्या. त्यांनी विचारले ते कन्नडमध्ये होते. बहुधा काय झाले असे विचारले. चन्नाप्पा म्हणाले, "अव्वा, सुम्न कूड." म्हणजे गप बस. शांतव्वा गप बसल्या नाहीत. त्या हात पुढे करून मोठ्याने म्हणाल्या, "निंदू. करू निंदू." या वेळी शब्द स्वच्छ होता. निंदूच होता. जमलेल्या सगळ्यांनी ऐकला आणि चन्नाप्पांनाही ते मान्य आहे.

परंतु निंदू म्हणजे तुझे. त्या कोणाला तुझे म्हणाल्या, यावर दोन मते आहेत. त्यांच्यासमोर उजवीकडे चन्नाप्पा होते, डावीकडे मी होते, मध्ये रेडी. चन्नाप्पा म्हणतात, आई मला म्हणाली. जयसिंग म्हणतात, पारूला म्हणाल्या. त्यांचे तोंड कोणाकडे होते, असे हवालदारांनी तीन वेळा विचारले. तोंड माझ्याकडे होते. पण शांतव्वांना संध्याकाळी माणूस दिसत नाही, आवाज दिसतो. आणि तेव्हा मी बोलत नव्हते. चन्नाप्पा बोलत होते.

जयसिंग रेडी घेऊन आले व खुंट्याला बांधली. काल गुरुवारी सकाळी चन्नाप्पांनी जयसिंग यांच्याविरुद्ध गोठ्यातून जनावर चोरून नेल्याची फिर्याद दिली. दुपारी हवालदार गावात आले. निकाल होईपर्यंत रेडी कोणाकडेच नको, म्हणून ती कोंडवाड्यात घातली. जयसिंग यांना काल व आज चौकशीला बोलावले आहे. माझा जबाब कसा होतो त्यावर गुन्हा दाखल करायचा की नाही ते ठरेल, असे मला सांगण्यात आले. जयसिंग सध्या शाळेच्या इमारतीच्या कामावर आहेत. चोरीचे नाव लागले तर ठेकेदार त्यांना ठेवणार नाही.

काल शांतव्वांना घरी जाऊन विचारण्यात आले. त्यांनी उत्तर दिले नाही. रेडीला पाणी दाखवले का, एवढेच त्या विचारत होत्या, असे चन्नाप्पांनी मराठीत सांगितले. चन्नाप्पा स्वतः फिर्यादी असल्यामुळे त्यांनी सांगितलेले धरता येणार नाही, असे जयसिंग म्हणाले. रेडीला सोडून द्यावे आणि ती कोणाच्या दारात जाते ते बघावे, असे पोलीस पाटलांनी सुचवले. त्यावर चन्नाप्पाच म्हणाले, "पाटील, जनावर वैरणीकडं जातंय. मालकाकडं जातंय व्हय?" हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. ती माझ्याकडेच आली असती.

आज हवालदार मला म्हणाले, "बाई, एका अक्षराचा प्रश्न हाय. नं का निं? फेब्रुवारीत काय ऐकलं तेवढं सांगा, मी लिहून घेतो आन् तुमचा माणूस घरी जाऊ दे." ते चांगल्या मनाने म्हणाले. मी दोन्ही शब्द बऱ्याच वेळा म्हणून पाहिले. कालपर्यंत निंदू ऐकल्याचे मला पक्के वाटत होते. आता दोन्ही सारखेच वाटतात. दात नसलेल्या तोंडातून आले तर ते सारखेच येत असतील. त्यामुळे निंदू ऐकले असे मी खात्रीने सांगू शकत नाही. नंदू ऐकले असेही सांगू शकत नाही.

अडीच वर्षांत एकदाही शांतव्वांना का विचारले नाही, असे विचारले असता सांगते की, भिंतीपलीकडे त्या रोज होत्या. केव्हाही विचारता आले असते. विचारले असते तर उत्तर मिळाले असते, म्हणून विचारले नाही.

मला खात्रीने सांगता येते ते एवढेच. जयसिंग यांनी हे कुणाचे असे विचारले तेव्हा मी आपले असे म्हणाले. तो शब्द माझा आहे, मराठी आहे व त्यात चूक ऐकण्यासारखे काही नाही. जयसिंग यांनी परवा दावे सोडले ते त्या शब्दावर सोडले. त्यांनी स्वतः शांतव्वांच्या तोंडून तोवर काही ऐकले नव्हते. म्हणून गुन्हा लिहायचा झाला तर त्यांच्या आधी माझे नाव लिहावे. असे केल्यास काय होते, हे हवालदारांनी मला समजावून सांगितले आहे. तरीही माझे म्हणणे हेच आहे.

हे सर्व मला सावकाश वाचून दाखवले. एके ठिकाणी "जयसिंग यांनी रेडी चोरून आणली" असे पडले होते. मी "सोडून आणली" असे सांगितले होते. ते खोडून दुरुस्त केले असून त्या जागी माझी सही घेतली आहे. बाकी मी बोलले तसेच उतरले आहे आणि ते खरे आहे. अंगठा लावलेला नाही, मला सही येते.

उद्या शनिवारी सकाळी दहा वाजता कन्नड जाणणारे एक निवृत्त गुरुजी येणार असून शांतव्वांना ओट्यावर बसवून विचारले जाईल. समोर एका वेळी एकच माणूस उभे करायचे ठरले आहे. पहिल्यांदा मला उभे करणार आहेत. त्या जे म्हणतील त्याप्रमाणे पोलीस पाटील कोंडवाड्याचे कुलूप काढतील. मी हजर राहीन.

जबाब देणार,
पारूबाई जयसिंग मधाळे