जुन्या लग्नाचा नवा व्हिडिओ

बारामतीहून इंदापूरला निघालेल्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर आबा, आजी आणि मधे मोबाइल धरून बसलेली त्यांची नात होती.

"आबा, तुमच्या लग्नाचा व्हिडिओ तयार झाला. उद्या लग्नाच्या वाढदिवसाला पडद्यावर लावायचा."

"आमच्या लग्नात कुठला आला व्हिडिओ? साधा फोटो न्हाय काढला कुणी."

"म्हणून तर परवा अंगणात तुम्हाला परत हार घालायला लावले. तेच शूटिंग मी जुनं केलंय."

"स्वरूपा, ह्याच्यावर धूळ बसलीया बघ. थांब, पदरानं पुसते."

"आजी, पुसू नको, ती मीच टाकलीय! धूळ, डाग, ओरखडे, सगळं वरून चढवलंय. रंगपण उडवलाय."

"अगं, नव्या कोऱ्या शालूचा रंग उडीवलास?"

"मग? जुनं दिसायला नको का?"

"आमी काय नवं दिसतोय व्हय?"

"आबा, तुमचे चेहरे धूसर केलेत. लांबून पंचविशीतले वाटताय."

"मग झ्याक! पाव्हण्यांना खरंच वाटंल."

"कशाचं वाटतंय? हितं तुमी माझा हात धरलाय. तवा तर माझ्याकडं बघितलंबी न्हाय."

"तवा समोर आमचे वडील बसलेले हुते."

"आजी, मग तेवढं हाताचं कापून टाकू?"

आजीनं मोबाइल आपल्याकडं ओढला.

"कापू नगंस. तितं ओरखडं जरा जास्त टाक."