व्हिनेगरआधीची तीन मिनिटं

— हो, ऐकतेय, बोला की मामा, तो कागद तिथेच राहू दे, हात मातीचे आहेत माझे. आणि खिडकी बंद करू नका, किसायचंय अजून. हॉर्सरॅडिशचं हे झणझणीत मूळ किसताना खिडकी उघडी ठेवायची असते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं — तुम्ही तर चाळीस वर्षं ही मुळं पिकवताय. काय लिहिलंय म्हणालात? ‘वाडगा माझ्या हातून निसटला.’ बरं. निसटला तर निसटला. बाबांचा एक डोळा गेला, एक वाचला, पोलीस सोमवारी येणार, त्याआधी मी सही केली की घर पुन्हा पहिल्यासारखं. पहिल्यासारखं म्हणजे कसं, ते मात्र कागदात नाही.

हे घ्या, हुंगा. घ्या हो. येतोय वास? नाही ना. अख्ख्या मुळाला वास नसतोच. आत दोन द्रव्यं असतात, वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेली. कुणी चावलं, चिरडलं, की कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि तेव्हा कुठे ते जाळणारं तेल तयार होतं. एर्लांगेनच्या विद्यापीठात दोन वर्षं हेच शिकले मी — आणि तुम्ही म्हणायचात, मुळं उपटायला कॉलेज कशाला. मोहरी, कोबी, मुळा, सगळी एकाच कुळातली, सगळ्यांची हीच युक्ती. फक्त कोबीवरची ती हिरवी अळी आहे ना, तिला या जहराचं काही वाटत नाही. ती त्यावरच पोसते. तुमच्याकडे बघून का म्हणाले? उगाच. आई तीनदा तुमच्या दारात आली होती, तीनदा तुम्हीच तिला गाडीत घालून परत आणून सोडलंत — आणि दर वेळी इथे जेवून गेलात.

त्या रविवारचं तुम्हाला काय माहीत, तुम्हाला फक्त वाडगा माहीत. उकडलेलं बीफ होतं, सोबत किसलेलं मूळ. आईनं नेहमीसारखं किसल्या किसल्या व्हिनेगर घातलं — व्हिनेगर पडलं की तिखटपणा तिथेच थांबतो, आणि बाबांना ठसका लागला तर पुढे काय होतं ते तिच्या पाठीला ठाऊक आहे. तर त्या दिवशी त्यांना ते मिळमिळीत लागलं. उठले, तिचा पंजा धरला आणि किसणीवर घासला. खाली-वर, खाली-वर, मूळ किसतात तसा. ती ओरडलीसुद्धा नाही, मामा. तुमची बहीण. किसणीच्या भोकांत तिची कातडी अडकली होती. मग बाबा खुर्चीत बसले, सुरी-काटा उचलला आणि म्हणाले, ‘आता रोन्या किसेल.’

किसलं मी. जाडजूड कांडी घेतली, बारीक किसली — आणि थांबले. व्हिनेगर नाही. तीन मिनिटं तसंच ठेवलं की ते सगळ्यात जहाल होतं, मी ओव्हनवरच्या घड्याळात बघत होते, बाबा बटाट्याचा गोळा चघळत होते, आई फडक्यात हात गुंडाळत होती. तीन मिनिटं झाली तशी उठले, मागून त्यांचे केस धरले, मान खेचली आणि मूठभर डोळ्यांत भरलं. दाबून धरलं. ते किंचाळत होते, लाथा झाडत होते, टेबल उलटलं, तरी दाबून धरलं. एक डोळा त्यांनी घट्ट मिटला म्हणून—

काय? नाही, निसटला असंच म्हणाले मी. घड्याळ? कुठलं घड्याळ?

असू दे. ऐकलंत तर ऐकलंत. तो कागद घडी करून खिशात घाला, सही होणार नाही. वर पाऊल वाजतंय ना, ती आई आहे, बँडेजच्या हातानं त्यांचा पलंग लावतेय. चार वाजता तुम्ही त्यांना इस्पितळातून आणणार म्हणे. आणा की. पण व्हिनेगरची बाटली मी सकाळीच सिंकमध्ये ओतलीय. तुमची गाडी फाटकातून आत आली की किसायला घेईन — अंगणातून या टेबलापर्यंत यायला त्यांना आता तीनेक मिनिटं तरी लागतील.

निघा मामा. दार ओढून घ्या, खिडकी नको.