खिशातला डावा हात

—नाही, नाही, संपादक मीच. हसू नका. अंकाच्या तळाशी छापलंय ना, जबाबदार संपादक, ऑगस्ट क्निपे? तो हाच. पोलीस असाल तर तसं सांगा, नसाल तर दार लावा, गार वारा येतोय. बसा. नका बसू, तुमची मर्जी.

लिहिता-वाचता? सही येते. तेवढी पुरते. अहो, अख्ख्या लाइपझिगला ठाऊक आहे — लिहिणारे वेगळे, आणि खटला झाला की तुरुंगात जाऊन बसायला एक म्हातारा पगारावर ठेवलेला. तो मी. गेल्या खेपेला हिवाळाभर बसलो. भिंतींना ओल, सूप म्हणजे कोबीचं कोमट पाणी, आणि हा खोकला तिथलाच — थांबा — हं. या खेपेला जिवंत परत येईन असं वाटत नाही. घाबरलोय? घाबरलोय तर! तुम्ही नसता घाबरलात?

आणि अंकातल्या त्या व्यंगचित्रात आहे तरी काय? टेबलावर चीन नावाचा केक. इंग्लंडची जाडी बाई सुरी घेऊन, रशियाचं अस्वल पंजा घालून, फ्रान्सचा कोंबडा चोची मारतोय — आणि आपला जर्मन पोरगा, डोक्यावर शिपायाचा टोकदार टोप, मलापण हवा म्हणून एका हातानं ओरबाडतोय. दुसरा हात खिशात. पोरगाच आहे हो, कुणाचाही! मिशासुद्धा नाहीत. मग सम्राट महाराजांचा अपमान झाला कुठून? ...डावा. हो. खिशातला हात डावा. महाराजांचा डावा हात आखूड, हे शेंबडं पोरही जाणतं, बोलत कुणी नाही. पण ही चूक आहे हो, साधी चूक! छपाईच्या दगडावर काढलं की कागदावर उलटं उतरतं, डाव्याचं उजवं. खिशात उजवाच हात घातला होता, मुद्दाम, सांभाळून. पण सवय कागदाची, दगडावर पहिलीच खेप, उलटं काढायचं राहून गेलं. छापून आलं तेव्हा माझी पोर नुसती रडली, जेवलीसुद्धा ना—

माझी पोर कशाला? चित्रकार म्हणालो मी. मोल नावाचा. खाली सही आहे ना त्याची. तो पळाला झुरिकला. सांगितलं ना मघाशी? नसेल सांगितलं, आता सांगतो. तुम्हाला ऐकू कमी येतं वाटतं.

तिकडे कुठं बघताय? तिच्या बोटांना लागलीय ती शाई नाही, काजळी आहे, चुलीची. मुलगी माझी. थेक्ला, आत जा. आत जा म्हणतो ना! आणि हात मागे कशाला लपवतेस — साहेब, तिला काय विचारता? मला विचारा. कायद्यानं संपादक मी! ही माझी टोपी, पिशवी भरून ठेवलीय, हे बघा, लोकरीचे मोजे, खोकल्याच्या गोळ्या — चला, मी तयार आहे, लगेच चला—

थेक्ला, तू कोट कशाला घालतेस?