खडीवरचा पिक्चर

…नाही नाही, पिक्चर बघा की! कोण नको म्हणतंय? तंबू आलाय, पडदा लागलाय, भोंगा बोंबलतोय… जा, बघा, शिट्ट्या मारा, टोप्या उडवा! पण दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खडीवर येऊन, हातोडा खाली ठेवून, "बापाचं चुकलं का पोराचं चुकलं" असला न्यायनिवाडा कशाला करत बसायचा? आँ? मुकादम मी आहे! ढीग वाढला नाही की साहेब जीपमधनं उतरतो आणि मला विचारतो, "पुंजाराम, कालचा ढीग आज तेवढाच कसा?" आता काय सांगू? साहेब, काल हिरॉइन आंधळी झाली म्हणून खडी थांबली?

तुम्हाला सांगतो, श्रीगोंद्याकडचा दुष्काळ म्हणजे काय विचारू नका. विहिरीत दगड टाकला तर आधी धूळ वर येते. सगळं गाव रस्त्याच्या कामावर, खडी फोडायला. ज्यांच्या बांधावर पाय ठेवायची चोरी होती ती माणसं आणि त्यांच्या शेतात राबणारी माणसं एकाच ढिगावर मांडीला मांडी लावून बसलेली. दुपारी सगळ्यांच्या फडक्यात तीच रेशनच्या मिलो ज्वारीची लाल भाकर. हिनं तिच्याकडं बघायचं, तिनं हिच्याकडं बघायचं, आणि गपचिप खायचं. बोलायचं तरी काय? पावसाचं बोललं तर रडू येतं, शेताचं बोललं तर भांडण होतं… राहता राहिला पिक्चर!

आता पिक्चर काय सगळ्यांना बघायला मिळतोय होय? बायाबापड्यांना तर नाहीच. म्हणून आमचा सोपान. तंबूत नवा खेळ लागला की हा पहिल्या दिवशी आत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हातोडा हातात घेऊन चालू. एकानं बघायचा आणि चाळीस जणांनी ऐकायचा! आणि काय सांगतो हो… घोडा दौडला की हातोडा टक-टक-टक-टक, हिरॉइन लाजली की हातोडा नुसता दगडाला टेकवायचा, अलगद. ऐकताना बायका पदर तोंडात धरून हसायच्या नाहीतर डोळ्याला लावायच्या. खरं सांगू का, मुकादम म्हणून मला फायटिंगचा पिक्चर फार आवडायचा. हिरो ठोसा मारायचा आणि चाळीस हातोडे एकदम पडायचे! त्या दिवशी ढीग दीडपट. पण आईचा पिक्चर आला की संपलं. एक दगड फुटायचा नाही.

आणि ह्या सोपानच्या समोरच्या ढिगावर कोण? तर कानिफनाथ. हा बी पिक्चर बघणारा, पण ह्याची नजर वेगळी. सोपान रडतो तिथं हा मोजतो. "सोपाना, राजाच्या जमान्यातला पिक्चर म्हनतुयास, मंग त्या मातीत टायरच्या खुना कुठनं आल्या रं?" सोपान म्हणायचा, "अरं, ती आई रडत हुती, तुझं ध्यान मातीत कसं गेलं?" "माझं ध्यान सगळीकडं असतंय. आन् गोळी लागल्यावर मानूस दोन कडवी गात न्हाई!" "का गात न्हाई? तुला लागलीय का कधी?" झालं… अर्धे सोपानकडनं, अर्धे कानिफकडनं. एकजण म्हणणार गाणी जादा झाली, दुसरा म्हणणार गाणी होती म्हणून तर बसलो. आणि मी आपला मधी उभा, "अरे दगड… दगड फोडा की रे बाबांनो…" कोण ऐकतंय!

तर त्या आठवड्यात तो पिक्चर आला. नाव जाऊ द्या, आमच्याकडं नावानं कोण ओळखतंय? पुराचा पिक्चर म्हणायचे सगळे. सोपान बघून आला, सकाळी बसला सांगायला. म्हातारा बाप, तरणा पोरगा, दोघांचं वाजतं, बाप मारायला बैलाचा कासरा उचलतो, पोरगा रागानं घर सोडतो. बाप हाय खातो, अंथरूण धरतो आणि इंटरवलच्या आत मरतो. पोराला पत्ताच नाही! सोपान रंगात आला होता. बापाचा जीव जाताना त्यानं असा हातोडा सोडला हातातनं की चाळीस जणांनी "अरारारा" केलं.

आणि तेवढ्यात त्याची नजर गेली चांगुणाबाईकडं.

चांगुणाबाई म्हणजे आमच्या खडीवरची सगळ्यात अबोल बाई. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही, आणि खोटं तर चुकूनसुद्धा नाही. तिचा बन्सी तीन वर्षांमागं असाच बापाशी भांडून गेला. खरंच कासरा उठला होता हो, अख्ख्या गल्लीनं बघितलेलं. वर्षभरात म्हातारा गेला. बन्सीचं ना पत्र, ना निरोप. ती बाई हातात दगड धरून सोपानच्या तोंडाकडं बघत बसली होती. नुसती बघत होती.

सोपाननं मला नंतर सांगितलं, "मुकादम, माझी जीभच वळंना." कारण पुढं काय होतं ठाऊक आहे? पोराला पश्चात्ताप होतो, तो घराकडं निघतो, नदीला पूर येतो, आणि पोरगा त्या पुरात जातो. आईपर्यंत फक्त त्याचं मुंडासं वाहत येतं. संपला पिक्चर! आता हे त्या माउलीच्या तोंडावर सांगायचं? सोपान थांबला. आणि सांगून टाकलं… पोरगा पोहत आला! निथळत दारात उभा राहिला आणि म्हणला, "आये, भाकर हाय का?" एंड!

चांगुणाबाईनं दगड खाली ठेवला, हातोडा घेतला आणि फोडायला लागली. त्या दिवशी सगळ्यात मोठा ढीग तिचा. तुम्हीच सांगा मंडळी, ह्यात सोपानचं काय चुकलं?

पण दोन दिवसांनी कानिफ बघून आला ना! आला तो हातोडा आपटतच आला. "खोटारडा! पोरगं मेलं! मुंडासं वाहत आलं, म्या ह्या डोळ्यांनी बघितलं!" सोपान म्हणतो, "तू बघितलास तवा रीळ तुटलं आसंल." "रीळ तुटलं न्हाई, तू तोडलंस! आता म्होरं तुझ्या कुठल्या पिक्चरवर इस्वास ठिवायचा? समदेच खोटे सांगत आला आसशील!" आणि हे बघा, हे मात्र लोकांना लागलं. दोन महिने ज्या पिक्चरांवर आपण रडलो, ते खरे का खोटे? भाकरीत खडा लागावा तशी तोंडं झाली सगळ्यांची. कुणी सोपानच्या शेजारी बसेना. त्यानं "तंबूत नवा आलाय" म्हणावं आणि लोकांनी तोंड फिरवावं. दुष्काळात त्या माणसाजवळ दुसरं होतं काय हो? दगड सगळ्यांजवळ होते, गोष्ट एकट्याजवळ होती. सांगा, काय चुकलं त्याचं?

मग निघाली टूम. आमची माणसं! बांधाचा वाद असो का पिक्चरचा, पंच नेमल्याशिवाय पाणी पीत नाहीत. म्हणे, दोघांच्या बाजूचा नको, पिक्चरच्या नादाचा नको, खोटं न बोलणारा पाहिजे, त्यानं बघून यावं आणि खडीवर निकाल द्यावा. एवढ्या अटी घातल्यावर सगळ्यांच्या माना कुणीकडं वळल्या असतील? चांगुणाबाईकडं! जिच्यापायी त्यानं शेवट बदलला तिलाच शेवट बघायला धाडायचं!

सोपान उभाच राहिला. "न्हाई न्हाई न्हाई! म्या खोटं बोललो! कानिफा खरा! पोरगं मेलं… म्हंजी… म्या झोपलो हुतो तवा!" कानिफला आणखीच चेव आला. "बघा, भ्याला! आता झोपला हुता म्हनतोय! काकी, तुमी जावाच." का खोटं बोलला ते सोपानला सांगता येईना, ती समोर बसलेली. मी मधी पडलो, "अरे, म्हातारी बाई, कशाला तिला त्रास…" तर चांगुणाबाईच म्हणली, "जाते की. म्या कुठं बघितलाय पिच्चर."

न्यायचं कुणी? मुकादमानं! आणि मला ताकीद, तुम्ही आत जायचं नाही, नाहीतर निकालाला दोन तोंडं होतील. बाजाराच्या दिवशी नेलं तिला बैलगाडीतनं. दिवेलागणीला खेळ सुरू झाला. ती बायकांच्या बाजूला आत, आणि मी बाहेर चहाच्या गाडीपाशी, कान तंबूला लावून. तुम्हाला सांगतो, इतकी वर्षं पिक्चर बघितले पण असा घाम कधी फुटला नाही. आतनं बापाचा खोकला ऐकू आला, मग रडारड, मग इंटरवल… मग पुन्हा गाणं, आणि मग ते पाणी. पुराचा घों-घों आवाज. आतली माणसं ओरडायला लागली आणि बघतो तर कनात उचलून चांगुणाबाई बाहेर!

"काय गं काकी, झाला?" म्हणलं.

"पानी लई वाढलं," म्हणली. "म्हनलं, आता उठावं."

आणि गाडीत जाऊन बसली. वाटंनं मला विचारायचं धाडस झालं नाही. बैलांशीच बोलत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी… हजेरी झाली आणि एक हातोडा उठला नाही. चाळीस माणसं गोल करून. सोपान खाली मान घालून दगड कुरवाळतोय, कानिफ छाती काढून. चांगुणाबाई पदर सावरून बसली आणि सुरू झाली, आणि अहो, काय सांगू! तीन वर्षांत बोलली नसेल एवढी बोलली.

"त्या बाईच्या डोक्यावरला हंडा रिकामा हुता. भरल्या हंड्याची मान अशी नसती. म्या तितंच वळखलं, हिनं कदी पानी व्हायलं न्हाई." बायका म्हणल्या, "आगं बया, खरं की!" "आन् चुलीत जाळ न्हाई तरी भाकर फुगली. भाकर मातुर पांढरीफेक हुती, ती बघून जीव तुटला माजा. बाप झालता त्यो चांगला हुता. आमच्या म्हाताऱ्याचा हात थरथरायचा तसाच त्याचा थरथरतो, कासरा उचलताना. त्यानं कुठंतरी बघितलं आसंल तसं."

कानिफला दम निघेना. "काकी, शेवट! पोराचं काय झालं ते सांगा!"

चांगुणाबाईनं त्याच्याकडं बघितलं. "म्या बघितलं तवर पोरगं जित्तं हुतं," म्हणली. "घराकडंच निघालं हुतं. सोपान लबाड न्हाई."

बास! जो कालवा झाला! लोकांनी सोपानच्या पाठीवर थापा मारल्या, कुणीतरी कामावर वाटतात त्या सुकडीचा घास त्याच्या तोंडात कोंबला. कानिफ तसाच उभा, तोंड उघडं, आणि मी… मी मुकादम, चहाच्या गाडीपाशी उभं राहून ती मधनंच उठून आलेली बघितलेला माणूस, मी म्हणलं, "चला, लागा कामाला!" ती खोटं बोललीच नव्हती ना. उठली तोवर पोरगा जिवंतच होता. आणि पुढचं बघायला ती थांबली नाही, त्याला तिनं काय करावं?

दुपारी पाण्याच्या पिंपापाशी सोपान तिच्या पाया पडायला वाकला. मी तिथंच होतो, आणि मागं हातात तांब्या घेऊन कानिफ. चांगुणाबाई हळूच म्हणली, "सोपाना, पोरगं आणलंस ते लई बेस केलंस. पर त्या बापाला कशाला मारलास रं? त्यालाबी ठिवायचा हुता की जित्ता."

सोपानचा चेहरा एवढा एवढा झाला. म्हणतो, "काकी… तवा माझं तुमच्याकडं ध्यान न्हवतं."

ती ओंजळीनं पाणी प्याली, तोंड पुसलं आणि ढिगावर जाऊन बसली. कानिफच्या हातातला तांब्या तसाच भरलेला. पाणी प्यायचंच विसरला गडी.

पुढच्या आठवड्यात तंबूत दरोडेखोराचा पिक्चर. सोपान सांगायला बसला. हातोडा टक-टक-टक-टक… हिरोच्या म्हाताऱ्या बापाला घेरलं, बंदूक रोखली, गोळी सुटली, ठो! सोपान थांबला. चांगुणाबाईकडं बघितलं. "गोळी लागली… पर दंडाला!" म्हणला.

मी कानिफकडं बघितलं. पिक्चर जुनाच, त्यानं मागंच दोनदा बघितलेला! गोळी छातीत लागते हे श्रीगोंद्यातल्या शेंबड्या पोराला ठाऊक. आता हा उठणार, आता हातोडा आपटणार, आता पुन्हा पंच, पुन्हा बैलगाडी… कानिफनं दगड उचलला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"व्हय," म्हणला. "दंडालाच. डाव्या."

तेव्हापासनं आमच्या खडीवर कुणी मरत नाही बघा. बाप मरत नाही, आई मरत नाही, व्हिलनसुद्धा शेवटी माफी मागून कामाला लागतो. त्यामुळं पिक्चर लांबतात, ढीग वाढत नाही, साहेब मला झापतो… आणि मी? मी तंबूत जायचंच सोडलं. तिथं माणसं फार मरतात हो.