मनीची गोष्ट

जनावरांच्या दवाखान्यात टोपलीतलं मांजर सांभाळत एक चिमुरडी बापाशी बोलत होती. नंबर पुकारणाऱ्या बाई ऐकत होत्या.

"बाबा, म-म-मनी..."

"घाबरलीय, हो ना गं?" शेजारच्या आजींनी वाक्य पुरं केलं.

"राहू द्या आजी, तिचं तिला सांगू द्या. बोल राणी."

"घ-घाबरली नाहीये. ती ड-ड-डॉक्टरांना..."

"ऐकतोय मी."

"...डॉक्टरांना चावणार आहे!"

सगळे खो खो हसले.

"बाबा, म-मला हसले?"

"नाही गं, तुझ्या गोष्टीला हसले."

"शब्द अ-अडकले तरी?"

"अडकेनात का! मला कुठं घाई आहे?"

"मग अजून एक स-सांगू?"

इतक्यात आतली घंटा वाजली. नंबर त्यांचाच होता.

"सांग बाळा," बाई म्हणाल्या, "डॉक्टर थांबतील."