घोडीनं घेतलेली बाजू

कोर्टात भांडून मन भरत नव्हतं की काय, हाडांच्या दवाखान्यात बसूनही वकीलबाई नवऱ्याला खरमरीत मेसेज लिहीत होत्या. शेजारी हात गळ्यात बांधलेला घोडेवाला बायकोशी बोलत होता.

"लेक म्हणते, घोडे सांभाळणाऱ्याला इंग्रजीत रँग्लर म्हणतात. भांडखोरालाही तेच."

"मग तुमची डबल डिग्री!"

"पण घोडीवर मी कधी आवाज चढवत नाही हं. बिथरली, की आपण गप्प पाठ फिरवायची. मग तीच येऊन खांद्याला नाक लावते."

"मग काल लाथ कशी बसली?"

"तबेल्यातून फोनवर तुझ्याशी भांडत होतो ना. तिला वाटलं, तिलाच बोलतोय."

"वाटलं कशाला? बाजू घेतली तिनं माझी."

तो पाठ फिरवून बसला. थोड्या वेळानं बायकोनं त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकली.

वकीलबाईंचं बोट 'पाठवा'वर होतं, ते न दाबताच थबकलं.