ओढा वाचवल्याचा सत्कार

भजी तुम्ही खावा रं, मला नुसता चहा बास.

निपाणीच्या हायवेला, आमच्या गावाजवळ गोडेतेलाचा टँकर उलटला. तेल ओढ्याकडं निघालं तसं सगळं गाव घागरी घेऊन धावलं. मी तर हिच्या माहेरचा हंडाच उचलला. ओढ्यात तेल गेलंच न्हाय. आठवड्यानं तालुक्याचे साहेब आले आणि 'तेलापासनं ओढा वाचवणारं जागरूक गाव' म्हणून आमचाच सत्कार! घराघरांतल्या तळणाचा वास मांडवापर्यंत येत होता.

साहेब म्हणाले, "ड्रायव्हरला केबिनमधनं कुणी काढलं? पुढं या."

 डोक्याला पट्टी बांधलेला ड्रायव्हरच उठला. माझ्याकडं बघत म्हणाला, "माझा मीच निघालो, साहेब. मदतीसाठी खिडकीतनं हात बाहेर काढलता, तर ह्या अण्णांनी 'जरा धरा' म्हणून त्यात हंडा दिला."